भिंतीचं शून्य

घरात तिला सगळे सर्किट म्हणत. नाव पाडलं ते दादाने, तिच्या थोरल्या भावाने. शाळकरी वयात तिने दारावरची घंटा उघडून तिचा रेडिओ करायचा घाट घातला होता. रेडिओ झाला नाही, घंटाही पुन्हा वाजली नाही, नाव मात्र चिकटलं. सर्किट म्हणजे तारांचं जाळं, आणि सर्किट म्हणजे डोक्याने जराशी सुटलेली. "दोन्ही अर्थ एकाच माणसात सापडायला नशीब लागतं," दादा म्हणायचा.

पोटासाठी ती कानयंत्रं दुरुस्त करायची. बाजारातल्या दुकानात काचेमागे तिचं टेबल होतं. भिंगाखाली चिमट्याने ती तांदळाच्या कणीएवढे भाग उचलायची, बसवायची, फुंकर मारून बघायची. दिवसभर माणसांचे कान नीट करायचे आणि संध्याकाळी घरी येऊन घराला कान बसवायचे, असा तिचा छंद. स्वयंपाकघरात गॅसचा वास ओळखणारी डबी, गच्चीवर टाकीतलं पाणी मोजणारी डबी, खिडकीत हवेतली धूळ मोजणारी डबी. प्रत्येकीत एक सेन्सर, एक नखाएवढा मायक्रोकंट्रोलर आणि तिने स्वतः लिहिलेला कोड. घर सारखं काहीतरी कुजबुजायचं आणि ती ऐकत असायची.

पण ही गोष्ट त्या डब्यांची नाही. ही मागच्या भिंतीवरच्या डबीची आहे.

घरामागे टेकडी होती. टेकडी कापून घराला जागा केलेली, आणि कापलेली माती खाली येऊ नये म्हणून दगडी भिंत घातलेली, छपराहून उंच. भिंत आणि मागची खोली यांच्यामध्ये अंग चोरून जाता येईल एवढीच बोळ. ही भिंत आबांनी बांधली होती. आबा तिचे वडील, हाडाचे गवंडी. आता कमरेचं हाड मोडून खाटेला खिळलेले. खाट मागच्या खोलीत, खिडकीशी. डोळे उघडले की समोर भिंत, मिटले की कानात भिंत. कारण भिंतीत पाणी निघायला ठेवलेल्या भोकांतून बारीक धार सतत ठिबकायची, आणि त्या आवाजावर आबांना झोप लागायची.

दगड चढवताना आबा एक ओळ गुणगुणायचे. लेकीला ती पाळण्यापासून पाठ:

टेक रे दगडा, टेक रे, डोंगर तुझी आई रे,
आईपासून सुटलं लेकरू, त्याला थारा नाही रे.

दादा ट्रक चालवायचा, गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायचा. सुट्टीच्या दिवशी यायचा आणि आल्या आल्या तेच टुमणं लावायचा. "आबा, पुढच्या खोलीत चला. नाहीतर माझ्याकडे चला. ही भिंत म्हातारी झाली."

"भिंत म्हातारी झाली म्हणून बापाला हलवतोस," आबा म्हणायचे, "बाप म्हातारा झाला म्हणून कधी उशी तरी हलवलीस का रे?"

"उशी ताईसाहेब हलवतात. मी नुसती बोलणी खायला येतो."

एकदा हे भांडण हसण्यावारी गेलं नाही. दादाचा आवाज चढला, आबांचा त्याहून चढला. वहिनी, दादाची बायको, मान खाली घालून भाजी निवडत राहिली. शेवटी सर्किट मध्ये पडली. म्हणाली, "भांडता कशाला? मी मोजते. भिंत हलली तर कळेल."

तिथेच ठरलं. आकडा शून्य आहे तोवर खाट हलणार नाही. आकडा हलला की खाट हलली, आणि त्या वेळी आबांनी तोंडातून ब्र काढायचा नाही. आबांनी कबूल केलं. शब्द दिला की पाळायचा, ही त्यांची जुनी खोड.

भिंतीच्या माथ्याशी तिने करड्या रंगाची डबी पक्की बसवली. आत कल ओळखणारा सेन्सर, मायक्रोकंट्रोलरचा बोर्ड आणि बॅटरी. आकडा हवेतून तिच्या फोनवर यायचा, आणि आबांच्या उशाशी ठेवलेल्या छोट्या पडद्यावरही.

पहिल्याच दिवशी पडद्यावर उमटलं: उणे अडीच.

"हे काय?" आबा म्हणाले.

"अंश. भिंत टेकडीच्या बाजूला अडीच अंश कललेली आहे म्हणतंय."

"म्हणजे माझी भिंत वाकडी?" आबा असे काही भडकले की मोडलेलं हाडही क्षणभर विसरले. "अगं, ती तशीच बांधायची असते! पुरुषभर उंचीला चार बोटं आत, डोंगराकडे. मातीचा भार पाठीवर घ्यायचा तर पाठ टेकायला नको? सरळ भिंत घराला. डोंगराला टेकलेली भिंत. तुझ्या यंत्राला एवढं कळत नाही?"

"नाही कळत, आबा. ते शाळेत गेलेलं नाही."

आबा हसले, पण रोज सकाळी उशाशी तो उणे आकडा बघणं त्यांच्या जिवावर आलं. आणि तिलाही वाटलं, खरंच की, आपल्याला फरक बघायचा आहे. मुळातल्या कलाशी काय देणंघेणं? तिने कोडात एक ओळ घातली: सुरू होताना जो कल असेल, तो शून्य धर.

बापाचा मान राखणारी ओळ होती ती. पडद्यावर गोल गरगरीत शून्य आलं, आणि आबांच्या चेहऱ्यावर समाधान.

मग रोजचा पाठच पडला. ती दुकानातून आली की मागच्या खोलीतून हाक यायची. "काय म्हणतेय?"

"शून्य, आबा."

"म्हणणारच. कुणाची आहे!"

पुढे डबीने एक खोड काढली. मध्येच गोठायची. आकडा तोच, पण जिवंत नाही. सर्किट लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली, बोर्डाचं एकेक बोलणं ओळीओळीने वाचत. तारा हलवून पाहिल्या, सांधे पुन्हा सोल्डर केले, मल्टिमीटर लावला. शेवटी चोर सापडला: गच्चीच्या टाकीचा पंप सुरू झाला की त्याची कुरबुर हवेतून सेन्सरच्या तारेत शिरायची, सेन्सर आणि बोर्ड यांचं बोलणं अडकायचं, आणि बोर्ड तोंड उघडं ठेवून तसाच थिजून राहायचा. अशा वेळी छंदी माणसं जे करतात तेच तिने केलं. बोर्डातला राखणदार जागा केला. त्याला वॉचडॉग म्हणतात; बोर्ड गप्प बसला की हा त्याला चावतो आणि झोपेतून उठवून पहिल्यापासून सुरू करतो.

"कुत्रा पाळलाय मी भिंतीवर," तिने आबांना सांगितलं.

"भुंकतो का?"

"चोर आला तर भुंकेल."

डबी पुन्हा कधी गोठली नाही. पडदा सदा जिवंत, आकडा सदा शून्य. ती खूश झाली, आणि ते काम तिने मनातून पुसून टाकलं.

पावसाची झड लागली. दिवसामागून दिवस आभाळ उघडेना. टेकडीवरची माती खाली वाहून रस्त्याला लाल रेघा पडल्या. भिंतीमागच्या मातीत, वरच्या अंगाला, तिने ओल मोजणारी एक कांडीही खुपसून ठेवली होती. त्या कांडीने एक दिवस शंभर दाखवलं, आणि मग शंभरावरून उतरायचं नावच घेईना. "गंजली वाटतं," सर्किट म्हणाली. अशा स्वस्तातल्या कांड्या गंजतात, हे तिला ठाऊक होतं. नवी आणू कधीतरी, म्हणून तिने तो आकडा फोनवर दिसेनासा करून टाकला.

त्याच सुमारास आबा म्हणाले, "माझं कानयंत्र बघ गं. भिंत बोलेनाशी झालीय."

"म्हणजे?"

"ठिबकणं ऐकू येत नाही. पाऊस ऐकू येतो, तुझी बडबड ऐकू येते, भिंत तेवढी गप्प."

तिने यंत्र दुकानात नेलं, जाळी साफ केली, बॅटरी बदलली, स्वतःच्या कानाला लावून पाहिलं. उत्तम चाललं होतं. आबांच्या कानात बसवलं. आबा कान देऊन बराच वेळ ऐकत राहिले. मग भिंतीकडे पाहत पडून राहिले. तिने बोळीत डोकावून पाहिलं. एवढा पाऊस, आणि भिंतीची सगळी भोकं कोरडी. खालचे दगड कोरडे. "गळती थांबली, बरंच झालं," तिच्या मनात आलं. मनाच्या एका कोपऱ्यात काहीतरी टोचलंही. पण उशाशी शून्य होतं.

सुट्टीच्या दिवशी दादा आला. मागच्या खोलीचं दार त्याला उघडेना. खांदा लावून त्याने ते आत ढकललं.

"हे दार कधीपासून असं?"

"लाकूड फुगलंय रे पावसाने," ती म्हणाली.

"अगं, सगळ्या घरात हेच एक लाकूड आहे का? बाकीची दारं काय छत्री घेऊन उभी आहेत?"

"ट्रक चालव तू. सुतारकी करू नकोस."

"आबा," दादा खाटेशी टेकला, "माझं ऐका एकदा."

आबांनी बोट नुसतं पडद्याकडे केलं. शून्य. दादाने बहिणीकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता, नुसती हार होती. जाताना दारात तिला हळूच म्हणाला, "सर्किट, तुझ्या त्या डबीवर बाप ठेवलाय मी."

"ठेव बिनघोर," ती म्हणाली.

आता दुकानातली गोष्ट. भर दुपारची वेळ, बाहेर पावसाने अंधारून आलेलं. पिठाच्या गिरणीचा मालक तिच्या टेबलासमोर बसला होता. भुवयांवर पीठ, हातात नवं कानयंत्र.

"बाई, हे यंत्र लबाड आहे. घरी घातलं की सगळं ऐकू येतं. गिरणीत घातलं की गिरणी गप्प. पट्टा तुटायला आला, खडखड करत होता, पोरगा ओरडला तेव्हा कळलं. मला काहीच नाही!"

तिला हसू आलं. असले प्रश्न तिला पाठ होते. "काका, तुम्ही ते गिरणीत गेल्यावर चालू करता ना?"

"मग? गिरणीतच तर लागतं."

"ते चालू होताना जे काही ऐकू येतं, त्यालाच शांतता समजतं. मग तेवढं वजा करून बाकीचं तुम्हाला ऐकवतं. खडखड सुरू असताना चालू केलंत, तर खडखड हीच त्याची शांतता. आवाज वाढला, तुम्ही बंद करून पुन्हा चालू केलंत, की वाढलेला आवाजही शांतता. चालू करायचं तर घरी—"

चिमटा तिच्या हातातच राहिला.

"काय झालं बाई?"

तिच्या डोळ्यांपुढे पंप सुरू झाला. बोर्ड थिजला. कुत्रा चावला. बोर्ड उठला, भिंतीकडे पाहिलं, आणि भिंत जिथे असेल तिथेच म्हणाला, शून्य. पुन्हा पंप, पुन्हा शून्य. रोज. कधी दिवसातून कितीदा. एका दिवसात भिंत जे काही सरकत असेल ते इतकं बारीक, की आकडा उठायच्या आतच पुसला जाणार. कुत्रा भुंकत नव्हता. चोर घरात यायचा आणि कुत्रा दर वेळी त्याला नव्याने घरचा माणूस समजायचा.

आणि शंभरावर अडकलेली ती कांडी. पाणी आतच तुंबवून गप्प झालेली भोकं. एकटंच फुगलेलं, की सरकत्या जमिनीने आवळलेलं, ते दार. वाईट सांगणाऱ्या प्रत्येक यंत्राला तिने बिघडलेलं ठरवलं होतं, आणि गोड बोलणाऱ्या एकाला उशाशी बसवलं होतं.

गिरणीवाल्याला तसाच सोडून ती निघाली. वाटेत भिजतच दादाला फोन केला. "ये. लगेच ये. आबांना हलवायचंय." दादाने कारण विचारलं नाही.

मागच्या खोलीचं दार तिने अंगाने रेटून उघडलं. उघड्या राहिलेल्या पुढच्या दारातून वारा घुसत होता म्हणून सवयीने ते पुन्हा लोटून घेतलं.

"आज लवकर?" आबा म्हणाले. "काय म्हणतेय?"

ती खाटेच्या काठावर बसली. लॅपटॉप उघडला. ती एक ओळ शोधली, मानाची ओळ, आणि खोडली. नवा कोड हवेतूनच डबीला पाठवला. पडदा विझला. दोघं त्या काळ्या चौकोनाकडे बघत राहिले. पडदा उजळला.

शून्य.

"हात्तिच्या," आबा म्हणाले. "एवढी घाबरीघुबरी होऊन आलीस, आणि शून्यच तर आहे."

"आबा." तिचा आवाज तिलाच परका वाटला. "शून्य करणारी ओळ मी आता काढलीय. ही भिंत जशी आहे तशी आहे. हे खरं शून्य आहे."

आबा तिच्याकडे पाहत राहिले. मग खिडकीकडे. चार बोटं आत टेकवलेली भिंत ओळंब्यात उभी होती, घराच्या भिंतीसारखी ताठ, डोंगराला सोडून. गवंड्याला पुढचं सांगावं लागलं नाही. त्यांच्या हाताची चार बोटं चादरीवर हळूच उघडली आणि मिटली.

"सुटली," ते म्हणाले.

पडद्यावर आकडा बदलला. शून्य पूर्णांक एक. आता उणे नव्हतं.

"शब्द दिलाय मी," आबा म्हणाले. "चल. हलव."

ती दाराकडे धावली. दार हलेना. दोन्ही हातांनी ओढलं, पाय टेकवून ओढलं. चौकट वरून दाबल्यासारखी दाराला चावून बसली होती. बोळीतून बारीक खडे पडल्याचा आवाज आला, टप, टप, आणि थांबला.

"कडी ओढू नकोस," मागून आबांचा आवाज आला. शांत, कामावर असायचा तसा. "बिजागऱ्या तुझ्या बाजूला आहेत. खिळा खालून वर ठोक. आधी खालची."

तिच्या पिशवीत स्क्रूड्रायव्हर होता. हातोडीच्या जागी तिने आबांचा पितळी तांब्या घेतला. पहिला खिळा निघाला. दुसरा गंजलेला. ती ठोकत होती आणि आबा मागून ताल धरल्यासारखं म्हणत होते, "हं. हं. अजून एक. हं." तिला कळलं, ते तिचा श्वास जागेवर ठेवत होते. खिळा सुटला, आणि दार बिजागरीच्या बाजूने एवढंसं उघडलं. मग बरंच.

तिने आबांना चादरीसकट खाटेवरून खाली घेतलं. आबा ओरडले नाहीत, नुसते दात आवळले. चादरीची टोकं मुठीत धरून ती उलट्या पावली ओढत निघाली. उंबऱ्यावरून, स्वयंपाकघरातून, पुढच्या खोलीतून. दाराशी समोरचा शिंपी धावून आला, गळ्यात माप घ्यायची फीत तशीच. दोघांनी मिळून आबांना रस्त्यापलीकडे त्याच्या ओसरीवर नेलं.

दादा ट्रक घेऊनच आला. उडी मारून उतरला, घराकडे पाहिलं, छपरावरून मागे पाहिलं. "काय झालं? भिंत तर उभी आहे. पहिल्यापेक्षा सरळ दिसतेय."

"तेच झालं," आबा म्हणाले.

"घराचे कागद तरी—" म्हणत दादा घराकडे वळला. आबांनी त्याची विजार पकडली. बाकीच्या अंगात बळ नव्हतं, पण मूठ गवंड्याची होती. "बस इथे."

शिंपिणीने आबांच्या अंगावर कोरडी चादर टाकली. सर्किटच्या हातात फोन होता आणि त्यावरचा आकडा, इतके दिवस मेल्यासारखा पडलेला, आता चालायला लागला होता. एक. दीड. दोन. तिला तो बघवत नव्हता आणि सोडवतही नव्हता. आबा ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटत होते. तिने वाकून ऐकलं. टेक रे दगडा, टेक रे. आडदांड लेकराला समजवावं तसं. जणू अजूनही ऐकेल.

आवाज झाला तो मोठा नव्हता. आधी नुसता लांबलचक सुस्कारा, मग दगडांचं एकमेकांना विचारत विचारत खाली येणं, आणि मग छपरामागून उठलेली लाल धूळ. पावसाने ती लगेच खाली बसवली. मागची खोली दगडांखाली गेली, पुढचं अर्धं घर तसंच उभं राहिलं. दाराआड स्वयंपाकघरातली गॅसची डबी पिंपीं करत होती. ती कुणी बंद करायला गेलं नाही.

शिंपी देवाचं नाव घेत होता. दादा खाली बसला आणि दोन्ही हातांनी त्याने बहिणीचा पाय धरला; का, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

बऱ्याच वेळाने आबा म्हणाले, "काय म्हणतेय?"

तिने फोनकडे पाहिलं. डबी कुठेतरी त्या ढिगात होती, दगडाला घट्ट धरून, बॅटरीवर जिवंत.

"अठ्ठ्याऐंशी, आबा."

"नव्वद नाही?"

"नाही. अठ्ठ्याऐंशी."

आबांनी डोळे मिटले. मनातल्या मनात ते मोजत असावेत. "मग माथ्याचा दगड पुरता आडवा झालेला नाही," ते म्हणाले. "खाली काहीतरी आलंय."

"खाली काय असणार?" दादा म्हणाला.

चादरीखाली आबांनी हात फिरवला, आधी एका बाजूला, मग दुसऱ्या, काठ शोधावा तसा.

"खाट," ते म्हणाले.